युग्मित आंदोलकांचे अनुस्पंदन

युग्मित आंदोलकांचे अनुस्पंदन : ठराविक कालाने त्याच त्या स्थितीतून पुनःपुन्हा जाणाऱ्या वस्तूस वा प्रणालीस आंदोलक म्हणतात. परस्परांशी जोडलेल्या दोन किंवा अधिक आंदोलकांच्या स्वाभाविक कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आंदोलनांच्या संख्या) समान वा जवळजवळ समान असल्या म्हणजे त्यांच्यात ऊर्जेची मोठ्या प्रमाणावर देवघेव होते. या आविष्काराला युग्मित आंदोलकांचे अनुस्पंदन असे नाव आहे. साध्या अनुस्पंदनात एक चालक व दुसरा चालित असा भेद केलेला असतो आणि चालितामुळे चालकावर होणारी प्रतिक्रिया उपेक्षणीय मानलेली असते. युग्मित आंदोलकांच्या बाबतीत असा भेद करता येत नाही. प्रत्येक आंदोलक एकाच वेळी चालक व चालितही असतो.

सतारीची किंवा सारंगीची मुख्य तार छेडली असता त्याच स्वरात मिळवलेली तरफेची तार स्पर्शावाचून वाजू लागते, हे या आविष्काराचे परिचित उदाहरण होय. येथे दोन तारांना जोडण्याचे काम घोडी व तिच्याखालील तबली करतात. तरफेची तार किंचित जरी उतरली तरी ती मुकी राहते, हे मिरजेच्या वाद्यकारागिरांना आणि वादकांना गणिताच्या साहाय्यावाचून ठाऊक आहे. मात्र या अनुभवातून सिद्धांत निर्माण झाला नाही. सिद्धांताची वाट घड्याळे, बिनतारी प्रेषक व व्हायोलिन वर्गातील वाद्ये यांच्यात आढळलेल्या दोषांतून निघाली. ज्याला दोष म्हणून टाळावयाचे त्याचेच गणित मांडावे लागले, ही या विषयाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे.

मूलभूत स्वरूप : सारख्या लांबीचे दोन लंबक एका ताणलेल्या आडव्या दोरीला टांगून त्यांपैकी एकालाच झोका दिला, तर त्याचा परमप्रसर (मध्यस्थितीपासूनचे कमाल विस्थापन) हळूहळू कमी होतो व दुसऱ्याचा वाढतो. काही वेळाने पहिला लंबक क्षणभर पूर्णपणे थांबतो व सर्व गती दुसऱ्याकडे जाते. नंतर हाच क्रम उलट दिशेने चालतो. या प्रणालीला दोन प्रसामान्य रीती असतात. एकीत दोन्ही लंबक एकाच दिशेने व दुसरीत परस्परविरुद्ध दिशांनी हेलकावतात. कोणतीही एक रीत सुरू करून दिली, तर ती तशीच चालू राहते व देवघेव दिसत नाही. दोन रीतींच्या कंप्रता मात्र युग्मनामुळे किंचित भिन्न असतात. एकाच लंबकाला झोका देणे म्हणजे दोन्ही रीती समप्रमाणात सुरू करणे होय आणि ऊर्जेचे जाणेयेणे हे या दोन कंप्रतांमधील विस्पंद (जवळच्या कंप्रतांच्या मिश्रणाने होणारी आवर्ती चढउतार) असतात. उदा., एका रीतीत मिनिटाला ३० व दुसरीत ३१ आंदोलने होत असतील, तर ऊर्जा अर्ध्या मिनिटात दुसऱ्या लंबकाकडे जाते व एका मिनिटाने परत येते.

लंबकांच्या लांबीत फरक केला म्हणजे देवघेव अपुरी राहते. लंबक जुळलेले असताना युग्मनामुळे कंप्रतांत जेवढे अंतर पडते, तेवढाच फरक लंबकांच्या स्वाभाविक कंप्रतांत असेल, तर जास्तीत जास्त निम्मी ऊर्जाच पलीकडे जाते; फरक त्याच्या तिप्पट असेल, तर एक दशांश. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. युग्मन कितीही दुर्बल असले तरी आंदोलक पुरेसे जुळलेले असतील व घर्षण अल्प असेल, तर संपूर्ण ऊर्जा स्थलांतरित होऊ शकते. दुर्बल युग्मनाने फक्त वेळ अधिक लागतो.

हायगेन्झ यांची घड्याळे : या आविष्काराचे पहिले काळजीपूर्वक निरीक्षण डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी १६६५ च्या फेब्रुवारीत हेग येथे केले. लंबकाचे घड्याळ त्यांनी १६५६ मध्ये तयार केले होते आणि त्याचा उपयोग समुद्रावर रेखांश ठरविण्यासाठी करावा, असा त्यांचा प्रयत्न चालू होता. एका अंशाच्या रेखांशासाठी चार मिनिटांचा फरक पडतो. म्हणून घड्याळ चुकले की जहाज कोठे आहे हेच कळेनासे होई. एक घड्याळ बंद पडल्यास दुसरे असावे, म्हणून जहाजावर घड्याळांची जोडी न्यावयाची होती. आजारपणामुळे खोलीत पडून असताना अशा दोन घड्याळांचे लंबक अगदी बरोबर, पण नेहमी परस्परविरुद्ध दिशांनी हेलकावत असल्याचे हायगेन्झ यांच्या ध्यानात आले. त्यांनी मुद्दाम हा मेळ बिघडविला, तरी सुमारे अर्ध्या तासात तो पूर्ववत होई.

एका लंबकाने हलविलेली हवा दुसऱ्यापर्यंत पोहोचत असावी, असे त्यांना प्रथम वाटले. त्यांनी मध्ये फळी उभी करून पाहिली. मेळ कायम राहिला. घड्याळे ज्या तुळ्यांना टांगली होती त्या दोन खुर्च्यांवर टेकविलेल्या होत्या आणि मेळ बिघडला असताना या खुर्च्या थरथरत असत. यावरून तुळ्यांची जवळजवळ अदृश्य अशी हालचाल हेच कारण होय, असा निष्कर्ष त्यांनी काही आठवड्यांतच काढला व हवेविषयीचे आधीचे मत जाहीरपणे मागे घेतले. घड्याळे एकमेकांना सांभाळून घेतील व त्यामुळे रेखांशाचे काम अधिक बिनचूक होईल, अशी त्यांना आशा होती. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा वृत्तांत वाचला गेला तेव्हा काही सदस्यांनी नेमका उलटा अर्थ काढला : इतक्या सूक्ष्म हालचालीने ज्यांची गती बदलते ती घड्याळे समुद्रावर विश्वासार्ह कशी मानावीत? ही शंका रास्त होती. रेखांशाचा प्रश्न पुढील शतकात जॉन हॅरिसन यांच्या, लंबकाऐवजी संतुलनचक्र असलेल्या घड्याळाने सुटला.

लंडनचे घड्याळकार जॉन एलिकट यांना १७३९ च्या सुमारास वेगळाच अनुभव आला. शेजारी ठेवलेल्या दोन घड्याळांपैकी एकाचा लंबक स्थिर असताना दुसरे घड्याळ चालू केले, तर काही वेळाने स्थिर लंबक आपोआप हेलकावू लागे व त्याचे घड्याळ चालू होई. पहिल्याचे झोके मात्र लहान होत जाऊन ते बंद पडे. म्हणजे हायगेन्झ यांना मेळ दिसला, तर एलिकट यांना हिरावून घेणे. दोन्ही प्रकार एकाच कारणाचे असूनही ते एका सूत्रात बसविण्यास पुढे फार काळ लागला.

गणिती सिद्धांत व ग्रह : डॅन्येल बेर्नुली (१७००–८२) यांनी लोंबत्या साखळीच्या व ताणलेल्या तारेच्या अभ्यासातून, गुंतागुंतीचे कंपन हे साध्या कंपनांची बेरीज असते, ही कल्पना पुढे आणली. झोझेफ ल्वी लाग्रांझ (१७३६–१८१३) यांनी १७५९ मध्ये मणी ओवलेल्या तारेचा प्रश्न सोडविला व १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैश्लेषिक यामिकीवरील ग्रंथात कोणत्याही संख्येच्या युग्मित आंदोलकांच्या लहान आंदोलनांचा सर्वसाधारण सिद्धांत दिला. या सिद्धांतात एक गफलत राहिली होती. दोन रीतींच्या कंप्रता तंतोतंत समान झाल्यास विस्थापन कालाच्या प्रमाणात वाढतच जाईल, म्हणजे प्रणाली अस्थिर होईल, असे लाग्रांझ यांचे विधान होते. हे विधान बरोबर नसल्याचे कार्ल व्हायरश्ट्रास यांनी १८५८ मध्ये दाखविले. सत्तर वर्षे हा दोष खपून गेला याचे आश्चर्य वाटते, कारण सूर्यकुलाच्या स्थैर्याचा प्रश्न याच गणितावर अवलंबून होता.

गुरू व शनी हे ग्रह एकमेकांना गुरुत्वाकर्षणाने जोडलेले असल्यामुळे त्यांच्या भ्रमणालाही हाच विचार लागू पडतो. जुन्या व नव्या वेधांच्या तुलनेवरून गुरूचा वेग वाढत व शनीचा कमी होत असल्याचे दिसे आणि असेच चालू राहिल्यास ग्रहमाला विस्कटेल, अशी भीती होती. पीअर सीमाँ लाप्लास (१७४९–१८२७) यांनी १७८५ मध्ये याचा उलगडा केला. गुरूच्या ५ प्रदक्षिणांना लागणारा काळ (सु. ५९·३ वर्षे) शनीच्या २ प्रदक्षिणांच्या काळाजवळ (सु. ५८·९ वर्षे) आहे; या अपुऱ्या जुळणीमुळे दोघांच्या गतींत सु. ९०० वर्षांची आवर्ती चढउतार होते. वाढ व घट कायमची नसून तो एक अतिदीर्घ विस्पंद आहे. गुरूच्या आयो, यूरोपा व गॅनिमीड या उपग्रहांचे प्रदक्षिणाकाल सु. १ : २ : ४ या प्रमाणात आहेत. या जुळणीमुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही, गुरूच्या भरती-ओहोटी प्रेरणांनी त्याचे अंतरंग सतत मळले जाते व तापते. आयोवर ज्वालामुखी असावेत, हे भाकीत पील, कॅसन व रेनल्ड्स यांनी १९७९ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच महिन्यात ‘व्हॉयेजर-१’ यानाने घेतलेल्या छायाचित्रांत ते दिसले.

आंदोलक दोन स्वतंत्र वस्तूच असल्या पाहिजेत असे नाही. एल्. आर्. विल्बरफोर्स यांनी १८९४ मध्ये वर्णिलेल्या प्रयोगात एकाच मळसूत्री कमानीला टांगलेले वजन आळीपाळीने खालीवर हलते व पीळ घेत फिरते. दोन गतींच्या कंप्रता वजनाच्या बाजूच्या नटांनी जुळविता येतात. प्रयोगशाळेत अनुस्पंदन दाखविण्याचे याहून सोपे व मनोवेधक साधन क्वचितच आढळेल.

विद्युत् मंडले : धारित्र व तारेचे वेटोळे यांच्या मंडलात विद्युत् प्रवाह आंदोलने करतो. अशा दोन मंडलांतील वेटोळी जवळ आणली म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे त्यांचे युग्मन होते. आन्टोन ओबरबेक यांनी १८९५ मध्ये या मंडलांचे गणित मांडले. थोड्याच वर्षांत बिनतारी संदेशवहनात या गणिताला व्यावहारिक महत्त्व आले. सुरुवातीच्या प्रेषकांत ठिणगी थेट आकाशकाच्या तारेत पाडीत; तीत आंदोलने लगेच शमत व मेळ साधणे अवघड जाई. कार्ल फेर्डिनांट ब्राउन (१८५०–१९१८) यांनी ठिणगी एका बंद मंडलात ठेवून आकाशक त्याला युग्मित केला. यामुळे पल्ला पुष्कळ वाढला. पण नवी अडचण निर्माण झाली. युग्मन घट्ट केले की प्रेषकातून एकाऐवजी दोन तरंगलांबींचे तरंग बाहेर पडत. दोन जुळलेल्या मंडलांच्या या दोन प्रसामान्य रीतीच होत. ग्राही त्यांपैकी एकाशीच जुळविता येई. दुसऱ्यातील ऊर्जा वाया जाई व इतर केंद्रांच्या संदेशांत व्यत्यय आणी. युग्मन सैल केले तर तरंग एक होई, परंतु आकाशकाकडे शक्ती कमी जाई.

माक्स वीन यांनी १९०६ मध्ये यातून जो मार्ग काढला तो अनुस्पंदनाच्या इतिहासातील चतुर उपायांपैकी एक आहे. थंड राखलेल्या धातूच्या चकत्यांमध्ये अत्यल्प अंतर ठेवले असता ठिणगी फार लवकर विझते. बंद मंडलातील सर्व ऊर्जा आकाशकाकडे गेली त्या क्षणी ठिणगी विझली, की ऊर्जेला परतीची वाटच उरत नाही आणि आकाशक स्वतःच्या एकाच कंप्रतेने आंदोलत राहतो. युग्मन घट्ट ठेवावे आणि विस्पंदाचा पहिला अर्धा भाग पुरा होताच ते तोडावे, असा हा प्रकार आहे. ‘विझत्या ठिणगी’चे हे प्रेषक निर्वात नलिकांचा प्रसार होईपर्यंत अनेक जहाजांवर वापरात होते. ब्राउन व मार्कोनी यांना १९०९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

जहाजांच्या डोलण्यावर हेर्मान फ्राम यांनी पाण्याच्या टाक्या बसविल्या, त्याही याच तत्त्वावर. टाकीतील पाण्याचे हेलकावे जहाजाच्या डोलण्याशी जुळविलेले असतात. डोलण्याची ऊर्जा पाण्याकडे जाते व तेथे खर्च होते. तैपे येथील ५०८ मी. उंचीच्या इमारतीत सु. ६६० टन वजनाचा पोलादी गोळा टांगलेला आहे, तो याच कुळातील.

वाद्यांतील ‘लांडगा’ : चेलो या वाद्यावर एका विशिष्ट स्वराच्या जागी गज कितीही कौशल्याने ओढला तरी स्वर स्थिर न राहता थरथरतो व घुरघुरतो. यूरोपीय वादक त्याला लांडगा म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन (१८८८–१९७०) यांनी १९१६ मध्ये कलकत्ता येथे याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळी ते सरकारी वित्त खात्यात अधिकारी होते व आपले संशोधन कचेरीच्या वेळेबाहेर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत करीत असत. तारेची कंप्रता वाद्याच्या पेटीच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळते तेथे पेटी तारेची ऊर्जा इतक्या झपाट्याने ओढून घेते की, गजाचा दाब मूळ स्वर टिकविण्यास अपुरा पडतो. स्वर मोडतो, पेटी शांत होते व पुन्हा तोच क्रम सुरू होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. पुढे जॉन शेलेंग यांनी १९६३ मध्ये तार व पेटी यांना दोन युग्मित विद्युत् मंडलांसारखे मानून या प्रश्नाचे संख्यात्मक विवेचन केले. घोडीमागील तारेवर लहानसे वजन बसवून लांडगा काबूत ठेवतात. हा तिसरा आंदोलक होय.

रेणू : पुंजयामिकीत ही कल्पना अधिक व्यापक झाली. व्हेर्नर हायझेनबेर्क यांनी १९२६ मध्ये हीलियम अणूतील दोन इलेक्ट्रॉनांचा विचार दोन समान युग्मित आंदोलकांच्या उपमेने केला. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रामन वर्णपटात एका रेषेची अपेक्षा असताना दर सेंमी.स १,२८५ व १,३८८ अशा तरंगसंख्यांच्या दोन ठळक रेषा मिळतात. एन्रीको फेर्मी (१९०१–५४) यांनी १९३१ मध्ये याचे कारण दिले. रेणूच्या वाकण्याच्या कंपनाची तरंगसंख्या ६६७ आहे. तिची दुप्पट १,३३४ होते व ती रेणूच्या सममित ताणाच्या कंपनाच्या अगदी जवळ पडते. दोन्ही कंपने मिसळतात व त्यांच्या पातळ्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात. कमान व वजन यांच्या खेळाहून हे तत्त्वतः भिन्न नाही. या योगायोगाचे परिणाम प्रयोगशाळेपुरते राहिले नाहीत. पृथ्वीकडून बाहेर जाणारे अवरक्त प्रारण हा वायू मुख्यतः १५ मायक्रोमीटरच्या आसपास शोषून घेतो आणि त्या पट्ट्याच्या कडा पसरट होण्यात फेर्मी अनुस्पंदनाचा मोठा वाटा आहे, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दाखविण्यात आले. कंपने इतकी जुळलेली नसती, तर या वायूची तापवृद्धी करण्याची क्षमता बरीच कमी झाली असती.

समकालन : वरील सिद्धांताने हायगेन्झ यांचे मूळ निरीक्षण मात्र समजत नव्हते. रैखिक सिद्धांतानुसार ऊर्जा मागेपुढे होत राहावयास हवी; घड्याळे तर एका ठराविक मेळात येऊन स्थिरावतात. घड्याळ हा वजनापासून वा कमानीपासून ऊर्जा घेऊन स्वतःचे झोके एका ठराविक आकाराचे राखणारा, म्हणजे स्वयंपोषी व अरैखिक, आंदोलक आहे. जवळजवळ एका स्वराचे दोन ऑर्गन नळ शेजारी वाजविले असता ते एकाच स्वरात येतात, हे लॉर्ड रॅली यांनी नोंदविले होते. एडवर्ड ॲपल्टन यांनी १९२२ मध्ये व बाल्टाझार व्हान डर पॉल यांनी त्याच दशकात त्रिप्रस्थ निर्वात नलिकांच्या आंदोलकांवर प्रयोग करून, कंप्रतांतील फरक एका मर्यादेच्या आत असला तर आंदोलक एकमेकांना धरून ठेवतात, हे सिद्ध केले. या आविष्काराला समकालन म्हणतात. अनुस्पंदन व समकालन हे शब्द लोकप्रिय लेखनात एकमेकांऐवजी वापरले जातात, ते योग्य नाही. अनुस्पंदन निष्क्रिय वस्तूंतही होते. समकालनास ऊर्जेचा स्वतंत्र पुरवठा लागतो.

घड्याळे विरुद्ध कलेतच (आंदोलनाच्या विरुद्ध अवस्थेतच) का स्थिरावतात, याचे कारण युग्मक तुळईत आहे. लंबक एकाच दिशेने झुलले तर तुळई हलते व घर्षणात ऊर्जा जाते. विरुद्ध दिशांनी झुलले तर त्यांच्या प्रेरणा परस्परांना छेद देतात व तुळई स्थिर राहते. म्हणून पहिली रीत विझते व दुसरी टिकते. डी. जे. कोर्टेवेख यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या दिशेने विश्लेषण केले. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत बेनेट व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हा प्रयोग नव्याने केला. युग्मन फार दुर्बल असेल तर मेळ बसत नाही व फार प्रबल असेल तर एक घड्याळ बंद पडते, असे त्यात आढळले. समुद्रावर स्थिर राहावीत म्हणून हायगेन्झ यांनी पेट्यांत शिशाचे जड वजन घातले होते. त्यामुळेच युग्मन नेमके मधल्या टप्प्यात आले. एलिकट यांचे बंद पडणारे घड्याळही या चौकटीत बसते.

अनेक आंदोलकांच्या समूहाचा विचार आर्थर विनफ्री यांनी १९६७ मध्ये व योशिकी कुरामोतो यांनी १९७५ मध्ये केला. युग्मन एका उंबरठ्याच्या पलीकडे गेले की समूहातील काही आंदोलक एकाएकी एका तालात येतात, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होय. लंडनमध्ये १० जून २००० रोजी खुला झालेला टेम्स नदीवरील मिलेनियम पादचारी पूल पहिल्याच दिवशी आडव्या दिशेने डोलू लागला, तेव्हा पादचारी नकळत एका पावलाने चालू लागले व त्यांनी पूल हलविला, असे स्पष्टीकरण या सिद्धांताच्या आधारे देण्यात आले. नंतरच्या अभ्यासांवरून डोलणे सुरू होण्यास पावलांचा मेळ आवश्यकच असतो असे दिसत नाही. तोल सावरण्यासाठी प्रत्येक जण बाजूला जो रेटा देतो, तोच संख्या वाढल्यावर पुलाचे शमन नाहीसे करण्यास पुरतो. मेळ असल्यास तो मागाहून येतो. हे मत अधिक सयुक्तिक दिसते. पूल १२ जून रोजी बंद करण्यात आला आणि श्यान शामक व जुळविलेली वजने बसवून फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा वाहतुकीस खुला करण्यात आला.